तांबं तिप्पट मजबूत होतं, पण कशाच्या तिप्पट?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात खरं तर दोन वेगळी दुखणी आहेत आणि एकाच औषधानं ती बरी होणारी नाहीत. तुम्ही लिहिलंय की बडोद्याला मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत तुमचं छोटं युनिट आहे. १६ मिमी तांब्याच्या रॉडमधून तुम्ही ५ मिमीच्या कनेक्टर पिना काढता आणि त्याच रॉडमधून स्पॉट वेल्डिंगची टोकंही. पिना वाकतात अशी गिऱ्हाइकाची तक्रार आहे, आणि टोकं थोड्याच दिवसांत चेपून छत्रीसारखी पसरतात. मिश्रधातू घ्यावा तर वीजवहन घटतं, शिवाय भाव परवडत नाही. एका व्हिडिओत तुम्ही पाहिलंत की तांब्याचा तुकडा काटकोनात वळणाऱ्या भोकातून चार-आठ वेळा दाबून काढला की काहीही न मिसळता तो तिप्पट मजबूत होतो. शंभर टनी हायड्रोलिक प्रेस घरचाच आहे. तर तसं वळणाचं भोक असलेला साचा, म्हणजे डाय, बनवावी का?

मी बडोद्याच्या कलाभवनात, म्हणजे इथल्या तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात, धातुशास्त्र शिकले, आणि गेली तीसेक वर्षं उष्णोपचार आणि धातूंच्या तपासणीचं काम करते आहे. ही डाय आम्ही स्वतः बनवून वापरलेली आहे, म्हणून सांगते. टोकांसाठी हा उपाय मुळीच नाही. पिनांसाठी आहे, पण त्याच्याआधी याहून कितीतरी स्वस्त उपाय करून पाहायला हवा. असं का म्हणते ते आता सविस्तर सांगते, म्हणजे तुमचा निर्णय तुम्हालाच घेता येईल.

जस्त चढवलेल्या नव्या बादलीवर चांदण्यांसारखे ठिपके दिसतात ना, ते जस्ताचे कण, म्हणजे ग्रेन. प्रत्येक धातू असाच कणांचा बनलेला असतो, फक्त बहुतेक वेळा ते डोळ्यांना दिसत नाहीत. एका कणात अणूंच्या रांगा एका दिशेनं लागलेल्या असतात, शेजारच्या कणात दुसऱ्या दिशेनं. धातू वाकतो तेव्हा अख्खी रांग एकदम सरकत नाही. सतरंजी ओढायला जड जाते, पण एका टोकाला सुरकुती पाडून ती सुरकुती पुढे सरकवत नेली की सतरंजी सहज हलते. अणूंच्या रांगेतल्या या सुरकुतीला डिसलोकेशन म्हणतात. ती सहज धावली तर धातू मऊ, तिला अडवलं तर मजबूत.

कणाची सीमा तिला अडवते, कारण पलीकडे रांगांची दिशाच बदललेली असते. मग मागून येणाऱ्या सुरकुत्या सीमेपाशी साचत जातात. विसर्जनाच्या दिवशी मांडवीत मिरवणूक अडली की अगदी पुढच्या माणसाच्या पाठीवर मागच्या सगळ्या रांगेचा रेटा येतो, तसंच. रांग लांब असेल तर रेटा मोठा, आणि सीमा लवकर फुटते. कण लहान असेल तर रांग आखूड, रेटा कमी, म्हणून बाहेरून जास्त जोर लावावा लागतो. १९५१ मध्ये हॉल आणि १९५३ मध्ये पेच या शास्त्रज्ञांनी पोलादावर काम करून हे नातं मांडलं: कणाचा व्यास चौथा हिस्सा केला की कणांमुळे मिळणारं बळ दुप्पट होतं. म्हणजे वर्गमुळाचा हिशोब आहे. थोडेसे कण बारीक करून फारसं हाती लागत नाही, ५० मायक्रॉनवरून (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेट अर्ध्या मायक्रॉनच्या खाली उतरावं लागतं.

तिथवर उतरायला धातूवर प्रचंड विकृती (आकार कायमचा बदलणारी ओढाताण) करावी लागते, आणि अडचण इथेच येते. रोलिंग करा किंवा तार ओढा, विकृती वाढते तसा माल बारीक होत जातो. पोळी लाटताना एका मर्यादेनंतर थांबावंच लागतं. पण कणीक हवी तितका वेळ मळता येते, कारण मळून झाल्यावर गोळा पुन्हा गोळाच असतो. वळणाच्या डायमागची कल्पना तीच आहे. भोकाचा छेद आत जाताना जेवढा, बाहेर येतानाही तेवढाच. वळणावर धातूला जबरदस्त कातर बसते (एक थर दुसऱ्यावरून घसटत सरकतो), पण तुकड्याचा आकार तोच राहतो, म्हणून तो पुन्हा घालता येतो. १९७० च्या दशकात मिन्स्कमध्ये व्लादिमीर सेगल यांनी ही पद्धत काढली. पुढे उफा शहरात रुस्लान वालिएव यांच्या गटानं तिच्यातून मुद्दाम अतिसूक्ष्म कण मिळवून दाखवले. प्रचंड दाबाखाली धातू पिळण्याचे पर्सी ब्रिजमन यांचे प्रयोग तर त्याच्याही आधीचे. जपानमध्ये ओसाकाला १९९० च्या दशकाअखेरीस पत्र्यासाठी वेगळी वाट काढली गेली: पत्रा निम्मा लाटायचा, कापून एकावर एक ठेवायचा, पुन्हा लाटायचा. आपली घडीची पोळीच. अशा दहा फेऱ्यांत १०२४ थर होतात.

विकृतीनं कण कसे बारीक होतात, हे व्हिडिओत सहसा सांगत नाहीत. कण हातोड्यानं फोडल्यासारखे फुटत नाहीत. आधी कणाच्या आत डिसलोकेशनचं जाळं माजतं, मग ती एकत्र येऊन आतल्या आत भिंती उभ्या करतात. सुरुवातीला या भिंती कच्च्या असतात, अलीकडच्या-पलीकडच्या दिशेत जेमतेम दोन-तीन अंशांचा फरक. पास, म्हणजे डायमधून काढण्याच्या फेऱ्या, वाढतील तसा फरक वाढतो, आणि तो १५ अंशांच्या पुढे गेला की भिंत खऱ्या सीमेसारखी वागू लागते. त्यासाठी चार पास तरी लागतातच, आणि प्रत्येक पासाआधी तुकडा त्याच्या अक्षाभोवती एकाच दिशेनं ९० अंश फिरवून घालायचा. नाहीतर कण एकाच अंगानं लांबट, चपटे होतात. हे कण ०.२ ते ०.४ मायक्रॉनचे, प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही लहान. तुमच्या ओळखीच्या लॅबमधल्या साध्या सूक्ष्मदर्शकात ते दिसणार नाहीत, त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच हवा.

आता 'तिप्पट'चं बघू. पूर्ण मऊ केलेल्या शुद्ध तांब्याची यील्ड, म्हणजे ज्या ताणाला ते कायमचं वाकायला लागतं तो ताण, ५० ते ७० मेगापास्कल (ताण आणि दाब मोजायचं एकक) असते. नीट पास दिलेलं तांबं ३८०-४०० पर्यंत जातं. म्हणजे तिप्पट सोडा, पाचपट म्हटलं तरी खोटं नाही. पण तुलना मऊ तांब्याशी केलेली आहे! नुसतं थंड ओढून कडक केलेला बारीक रॉड, ज्याला बाजारात हार्ड ड्रॉन म्हणतात, तो तसाच २५०-३०० देतो. त्याच्याशी तुलना केली तर फायदा तीस-चाळीस टक्क्यांचा उरतो.

हार्डनेसच्या आकड्यांतही हेच दिसतं. मऊ तांबं विकर्सवर (हिऱ्याचं टोक दाबून कडकपणा मोजायची पद्धत) ५०-५५ दाखवतं. पहिला पास झाला की ११० च्या पुढे जातं. चौथ्यानंतर १२५-१३०, आणि आठव्यापर्यंत जवळजवळ तिथेच. म्हणजे मोठी उडी पहिल्याच पासात असते, आणि ती मुख्यतः जाळ्यामुळे येते, बारीक कणांमुळे नाही. तांबट लोक घागरीला मठार देतात तेव्हा नेमकं हेच करत असतात: लहान-लहान ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि घागरीला पोचे पडत नाहीत. पुढच्या पासांत मिळतात त्या पक्क्या सीमा. हॉल-पेचचा हिशोब केलात तर ०.३ मायक्रॉन कणांच्या तांब्याला सव्वादोनशे-अडीचशे मेगापास्कलच यायला हवेत. वरचे दीडशे आत कोंडलेल्या डिसलोकेशनचे असतात. हा फरक मनात पक्का ठेवा, उष्णतेचा विषय आला की तो लागणार आहे.

वीजवहनाचं मात्र व्हिडिओत खरं सांगितलंय, आणि मला या पद्धतीचं कौतुक वाटतं ते त्यासाठीच. मऊ तांबं शंभर टक्के धरलं तर असे पास दिलेलं तांबं ९५ च्या आसपास राहतं. क्रोमियम-झिर्कोनियमचं तांबं ८० च्या जवळपास, बेरिलियमचं अति-कडक तांबं तर पंचवीसच्या आसपास. परक्या अणूंमुळे इलेक्ट्रॉन जेवढा अडखळतो, तेवढा कणांच्या सीमेमुळे अडखळत नाही. त्यामुळे वीजवहन फारसं न गमावता बळ हवं असेल तर हा रस्ता खरोखर चांगला आहे.

आता तुमच्या प्रेसकडे येऊ. टनाची काळजी करू नका. १६ मिमी गोल तुकड्याचा छेद सुमारे २०० चौरस मिमी, दाब घर्षण धरून १००० मेगापास्कल मानला तरी वीस टनांत काम होतं. त्रास पंच (तुकडा आत ढकलणारा पोलादी दांडा) आणि डाय देतात. आमची पहिली डाय दोन अर्ध्या भागांची होती, एच१३ पोलादाची, कठीण केलेली, १२.९ ग्रेडच्या एम१६ च्या सहा बोल्टांनी आवळलेली. कागदावर भक्कम वाटत होती. तिसऱ्या तुकड्याला आमचे फिटरभाई वाकून बघत म्हणाले, "बेन, डाय हसे छे" (ताई, डाय हसतेय). दोन्ही भागांमध्ये केसाएवढी फट पडली होती आणि तिच्यातून तांबं बाहेर आलं होतं, पिंपळाच्या सुकलेल्या पानाइतकं पातळ, कडेला चाकूसारखं धारदार. मग हिशोब केला. वाहिनीची, म्हणजे डायमधल्या भोकाची, रुंदी १६ मिमी, लांबी दीडशे, आडवा दाब पाचशे मेगापास्कल धरला तरी डाय उघडू पाहणारा जोर १२० टनांचा होतो. आमचे सहा बोल्ट आवळून मिळत होते सत्तर. प्रेसला लागतात वीस आणि डाय उघडायला बघतात सव्वाशे, हे आधी सुचायला हवं होतं. नंतर आम्ही दोन्ही भाग निमुळते करून जाड पोलादी कड्यात ठोकून बसवले, तेव्हा फट थांबली. तुम्ही केलीत तर पहिल्यापासून कड्यातलीच करा, आणि पहिली डाय ९० ऐवजी १२० अंशांची घ्या. विकृती पासामागे एक ऐवजी सुमारे दोन-तृतीयांश मिळेल, पण दाब उतरतो आणि हात बसतो.

पंचाचं त्याहून गंभीर आहे. १६ मिमी जाडीचा आणि १०० मिमी लांबीचा पंच एका टोकाला धरून दुसरं टोक मोकळं ठेवलंत, तर तो ८०० मेगापास्कलच्या आसपासच बाक घेऊ शकतो, आणि तुम्हाला तर हजार लावायचे आहेत. म्हणून दाब चढायच्या आधीच त्याचं टोक वाहिनीत काही सेंटिमीटर शिरलेलं असायला हवं. कठीण केलेला पंच बाक घेतला की वाकून राहत नाही, काचेसारखा फुटतो. आमचा एक फुटला तेव्हा त्याचा तुकडा समोरच्या प्लायवूडमध्ये बोटभर आत रुतला होता. प्रेसभोवती जाड पत्र्याची आड लावल्याशिवाय एकही पास देऊ नका, आणि डोळे भोकाच्या पातळीत आणू नका. हे मी कळकळीनं सांगते आहे.

वेगही जपा. एका पासात तांब्यावर जेवढं काम होतं त्याची जवळजवळ सगळी उष्णता होते. ती बाहेर पडायला वेळच मिळाला नाही तर तुकडा एका पासात शंभरेक अंशांनी तापतो. घाईघाईत लागोपाठ चार पास दिलेत तर एका हातानं कमावलेलं दुसऱ्या हातानं जातं. सेकंदाला एक-दोन मिमी, मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं ग्रीस भरपूर, आणि दर पासानंतर तुकडा हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. तुकड्याच्या दोन्ही टोकांना साधारण व्यासाएवढी लांबी नीट विकृत होत नाही, ती कापून टाकावी लागते. १०० मिमीच्या तुकड्यात तिसरा हिस्सा असाच जातो.

आता वेल्डिंगच्या टोकांना हा उपाय का चालणार नाही ते बघू. आत कोंडलेलं जाळं आणि बारीक कण ही धातूची अस्वस्थ अवस्था असते. जरा उष्णता मिळाली की नवे, स्वच्छ, मोठे कण उगवतात आणि तांबं पुन्हा मऊ होतं. नेहमीचं थंड ओढलेलं तांबं तासाभरात २००-२५० अंशांना मऊ पडतं. जितकी विकृती जास्त तितकी ही घाई जास्त, म्हणून पास दिलेलं शुद्ध तांबं १५०-२०० लाच ढिलं पडायला लागतं. अतिशुद्ध तांबं तर कपाटात नुसतं ठेवलं तरी महिन्या-वर्षांत हळूहळू उतरू शकतं. स्पॉट वेल्डिंगच्या टोकाचा पृष्ठभाग प्रत्येक ठिपक्याला, म्हणजे दर वेल्डला, याहून कितीतरी जास्त तापतो. तुम्ही आठ पास देऊन बनवलेलं टोक पहिल्या पाळीतच साध्या तांब्यासारखं चेपायला लागेल. तिथे क्रोमियम-झिर्कोनियमचंच तांबं हवं. त्याचं बळ साडेचारशे अंशांच्या आसपास भाजून मुद्दाम बाहेर काढलेल्या सूक्ष्म कणिकांतून येतं, म्हणून टोकाच्या उष्णतेला ते टिकतं. भाव जास्त आहे खरा, पण दर टोकामागे किती ठिपके पडतात ते मोजून भागाकार करा.

पिनांकडे वळायच्या आधी एक गोष्ट घरीच तपासा. पिन हातात धरून तिचं टोक बोटानं दाबा आणि सोडा. ती परत सरळ होते आणि गिऱ्हाइकाची तक्रार 'जोडताना लवते' एवढीच आहे, की दाब सोडला तरी वाकलेलीच राहते? नुसतीच लवत असेल तर तो ताठरपणाचा प्रश्न आहे, मजबुतीचा नाही. तांब्याचा स्थितिस्थापकत्व गुणांक सुमारे १२० गिगापास्कल असतो. मऊ असो, कडक असो, कण मोठे असोत की बारीक, तो हलत नाही. दरवर्षी कुणीतरी माझ्याकडे 'कडक करून द्या' म्हणून माल आणतं आणि हवा असतो ताठरपणा. त्यावर उपाय व्यासाचा. ५ ऐवजी ६ मिमी केलंत तर ताठरपणा दुप्पट होतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घातावर वाढतो.

पिन वाकलेलीच राहत असेल, तर मजबुती कमी आहे हे नक्की. मग मला पहिली शंका येते तुमच्या रॉडची. १६ मिमीतून ५ मिमीची पिन लेथवर काढता तेव्हा छेदाचा नव्वद टक्के भाग चिप्स होऊन खाली पडतो. शिवाय तुम्ही ओढून मिळणारी विकृती वापरतच नाही. रॉड मऊ असेल तर पिनही मऊच राहणार. हाच १६ मिमीचा रॉड ओढून साडेपाच मिमीला आणला, तर हिशोबानं विकृती दोनाच्या थोडी वर जाते, म्हणजे वळणाच्या डायमधल्या दोन पासांइतकी, आणि तीही डाय न बनवता, तांबं फुकट न घालवता. साडेपाच मिमीचा हार्ड ड्रॉन रॉड तयार मिळतो. पिनेला मोठी कॉलर आहे म्हणून तुम्ही १६ मिमी घेत असाल, तर कॉलर थंड ठोकून उठवता येते का ते आधी बघा. तसं जमत नसेल आणि गिऱ्हाइकाला वीजवहन ९५ च्या खाली अजिबात नको असेल, तेव्हाच ही डाय विचारात घ्यावी असं माझं मत. तेव्हासुद्धा चार पासांवर थांबा. आणि पिनेला नंतर चांदीचं ब्रेझिंग (ज्योतीनं तापवून केलेला जोड) होत असेल तर हा सगळा खटाटोप सुरूच करू नका, त्या ज्योतीत काहीच उरत नाही. कथिलाचा मुलामा विजेनं चढवत असाल तर तो थंडच चढतो, त्याला हरकत नाही.

मग ही पद्धत उपयोगी कुठे पडते? शुद्ध टायटॅनियमच्या दंत-इम्प्लांटमध्ये, जिथे शरीरात व्हॅनेडियम-ॲल्युमिनियम नको असतं आणि बळ मात्र मिश्रधातूइतकं हवं असतं. इलेक्ट्रॉनिक्समध्ये पातळ थर चढवण्यासाठी लागणाऱ्या धातूच्या चकत्यांमध्ये, जिथे सगळीकडे एकसारखे बारीक कण लागतात. अशा ठिकाणी एकेका तुकड्याची किंमत ही मेहनत सोसते. ५ मिमीची पिन ती सोसेल का, हे तुम्हीच जाणता.

आता लगेच करण्यासारखं. तुमच्या रॉडचा आणि वाकलेल्या पिनेचा बोटाच्या पेराएवढा एकेक तुकडा कापून, घासून, विकर्स हार्डनेस काढून घ्या. कुठल्याही लॅबमध्ये अर्ध्या तासाचं काम आहे. आकडा ७० च्या आत आला तर तुम्ही मऊ रॉड घेताय. पुरवठादाराला हार्ड ड्रॉन मागा आणि पुन्हा मोजा. १०५ च्या वर आला आणि तरीही पिना वाकत असतील, तर इथे परत लिहा. पिनेचं रेखाचित्र आणि जोडताना तिच्यावर किती जोर येतो तेवढं द्या, डायचं मग बघू. आणि टोकांसाठी नवं तांबं मागवायच्या आधी होल्डर उघडून आतली पाण्याची नळी बघा. ती भोकाच्या तळाजवळ पोचायला हवी. बऱ्याचदा ती कुणीतरी आखूड कापलेली असते, पाणी अर्ध्यातूनच परत फिरतं, आणि चांगल्या तांब्याचं टोकही चेपत जातं.